मशीनगनवाल्याची मद्रीना

१ ऑगस्ट १९९४, सोमवार

सकाळी उपाशीपोटी ऊसदारूत लिंबू आणि सतापाची पानं घातलेले तीन घोट घेतले. ऑगस्ट माणसं नेतो आणि हे घोट घेतले की नेत नाही, असं आमच्याकडे सगळेच मानतात. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून मीही मानते. ओब्दुलियाने सहा घोट घेतले. माझी ही थोरली बहीण ऐंशीची आहे. म्हणाली, दोन ऑगस्टांची सोय एकदम झालेली बरी.

वही उघडली ती यासाठी नव्हे. दुपारी रेडिओवर निरोप वाचतात तेव्हा मी मंडियोकाचे कंद सोलत होते. कुणाची गाय हरवली, कुणाची मावशी गुरुवारच्या बसने येते, असं चाललं होतं. मग निवेदक म्हणाला, ‘सान्ता लिब्रादा गावच्या कुमारी ओब्दुलिया रोखास, ज्या चाकोच्या युद्धात शिपाई सिल्वानो ओखेदा यांच्या मद्रीना होत्या, त्या हयात असल्यास त्यांनी रेडिओ केंद्रावर कळवावं. माजी सैनिक म्हणून नोंद होण्यासाठी डॉन सिल्वानोंना तेव्हा त्यांना लिहिलेल्या पत्रांची गरज आहे.’

सुरी हातातच राहिली. कुमारी ओब्दुलिया रोखास शेजारी झोपाळ्यात तोंड उघडं टाकून घोरत होत्या. त्यांना या शिपायाचं नाव ठाऊक नाही. त्यांनी त्याला आयुष्यात एक ओळ लिहिलेली नाही. सगळी पत्रं मी लिहिली आणि तेव्हा मी बारा वर्षांची होते.

२ ऑगस्ट

रात्री डोळ्याला डोळा नाही. निदान वहीत तरी खरं लिहून टाकते.

चाकोच्या कोरड्या रानात युद्ध पेटलं, त्याच्या दुसऱ्या वर्षी, १९३३ साली, शाळेत आघाडीवरच्या शिपायांची यादी आली. मागे राहिलेल्या मुलींनी एकेका शिपायाची मद्रीना व्हायचं, म्हणजे मानलेली आई. पत्रं लिहायची, सिगारेटी आणि मोजे पाठवायचे, त्याच्यासाठी मेणबत्ती लावायची. वय सोळाच्या पुढे हवं. मी बाकावर उभी राहूनही कुणाच्या नजरेत भरत नव्हते. मग मी फॉर्मवर बहिणीचं नाव घातलं. तिसऱ्या पत्रात त्याने फोटो मागितला, तेव्हा ओब्दुलियाचा एकुलता एक स्टुडिओतला फोटो चौकटीतून काढला आणि पाठवून दिला.

त्याची चौदा पत्रं अजून माझ्या कपाटात आहेत. प्रत्येकावर सेन्सॉरचा शिक्का आहे, रेजिमेंट आहे, तारीख आहे. युद्ध संपलं तशी पत्रं थांबली. मला वाटलं, मेला बिचारा. एकोणसाठ वर्षं मी दर नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, त्याच्या नावाने मेणबत्ती लावते आहे आणि हा गृहस्थ आपला जिवंत.

४ ऑगस्ट, गुरुवार

ओब्दुलियाला सांगितलं. आधी नीट जेवू घातलं आणि मग सांगितलं.

“म्हणजे माझा फोटो तू नेलास?” ती म्हणाली. “आईने मला किती बोल लावले. म्हणाली, दिलास कुठल्या तरी टवाळाला. दोन महिने मला नाचाला सोडलं नाही.”

“शिपायाला पाठवला गं. देशासाठी.”

“देशासाठी स्वतःचा पाठवायचास.”

“माझा होता कुठे? आणि मला वेण्या होत्या, समोरचा दात पडका होता.”

तिने ताट बाजूला सारलं. मला वाटलं, आता रडते. तर म्हणाली, “दिसायला कसा आहे तो?”

काल मी रेडिओ केंद्रावर कळवलं तेव्हा तिथल्या मुलीने जे सांगितलं, तेही तिला सांगितलं. डॉन सिल्वानो एकोणऐंशीचा आहे, तीन कोसांवर एकटाच राहतो, बायको वारून दहा वर्षं झाली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. माजी सैनिक म्हणून नोंद झाली तर राजधानीतल्या लष्करी इस्पितळात डोळे करून देतात. नाही झाली तर वर्षभरात पूर्ण अंधार. त्याच्याकडे सैन्यातून सुटल्याचा कागदच नाही. तह झाला त्या दिवशी बरेच जण असेच चालत घरी गेले, कागद-बिगद काही न मागता. पण बाकीच्यांनी पुढे साक्षीदार उभे केले. यानेच साठ वर्षांत काही का केलं नाही, हे त्या मुलीला कळत नव्हतं. मलाही कळत नाही.

“दिसत नाही ना त्याला?” ओब्दुलिया म्हणाली. “मग बोलाव. मी ओब्दुलियाच आहे. सोंग ते काय करायचंय मला?”

७ ऑगस्ट

चौदाही पत्रं पुन्हा वाचली. मशीनगनवर होता तो. पहिल्याच पत्रात लिहिलंय, ‘सेन्योरिता, मी मशीनगनवर आहे, माझी काळजी करू नका.’ पण पुढे गनबद्दल एक अक्षर नाही. सगळं पाण्याबद्दल. ‘आज अकरा पिंपं होती, दोन गळली, रडू आलं.’ ‘आज एका पोराने पिंपाच्या तोटीची पापी घेतली.’ ‘रात्रभर रेतीत ट्रक ढकलला.’ ‘माझ्या वाट्याला एकच बाटली, पाठीमागे भरलेली टाकी असली तरी.’

बिचाऱ्यांना फारच तहान सोसावी लागली असणार. शिवाय मशीनगन थंड ठेवायला पाणी लागतं, हे मी कुठेतरी वाचलंय. म्हणूनच ट्रक लागत असेल.

१४ ऑगस्ट, रविवार

आला होता. शेजाऱ्याच्या बैलगाडीतून, इस्त्रीचा सदरा, हातात काठी आणि दुसऱ्या हातात जिवंत कोंबडी. उंच आहे. अजून ताठ आहे. हे मला का लिहावंसं वाटलं कोण जाणे.

ओब्दुलियाने सकाळपासून पावडर लावायला सुरुवात केली होती. त्याला माणूस की खांब एवढंच दिसतं, हे तिला दोनदा सांगितलं. म्हणाली, वास तर येतो ना.

मी चिपाचे पाव भाजायच्या निमित्ताने स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. तो ओब्दुलियाच्या दिशेने वाकून म्हणाला, “मद्रीना, तुमच्या त्या लंगड्या कोंबडीचं पुढे काय झालं? आमची अख्खी तुकडी विचारायची.”

“कोंबडी होय,” ओब्दुलिया म्हणाली. “खाल्ली.”

“नाही हो,” माझ्या तोंडून निघून गेलं. “लांडीला कुणी हात लावला नाही. म्हातारी होऊन मेली. आंब्याखाली पुरली.”

त्याने मान माझ्याकडे वळवली. बराच वेळ तशीच ठेवली. “या कोण?” त्याने विचारलं.

“धाकटी बहीण,” ओब्दुलिया म्हणाली. “एदुविखेस. शाळेत बाई होती. मध्येमध्ये बोलायची सवय आहे.”

“असं होय,” तो म्हणाला आणि हसला. मग त्याने ओब्दुलियाला काही विचारलं नाही. मलाच विचारत राहिला, चिपात बडीशेप किती घालता, पाऊस कधी येईलसं वाटतं, शाळेत गणित शिकवत होतात का. गणित माझा विषय नव्हता म्हणाले, तर खो खो हसला. काही काही माणसांना कशाचंही हसू येतं. जाताना कोंबडी मात्र माझ्या हातात दिली. ओब्दुलिया रुसली आहे.

१७ ऑगस्ट

लेफ्टनंट फ्रेतेस येऊन गेले. माजी सैनिक संघाचे अध्यक्ष आहेत, वय शहाऐंशी, एक पाय चाकोत ठेवून आलेत. गावात कुणी नवा अर्ज केला की हे आधी त्याच्यावर तुटून पडतात. त्यांचंही चुकत नाही. ते म्हणतात, “खंदकात होतो तेव्हा आम्ही वीस होतो, मेजवानीला दोनशे येतात.”

पत्रांची चवड त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली. “शिक्के खरे आहेत,” म्हणाले. “पण या रेजिमेंटच्या मशीनगनवाल्यांची यादी मी राजधानीतून मागवली आहे. त्यात ओखेदा नाही.”

“यादीत चूक असेल.”

“बाई, तुम्ही माझ्या नातवंडांना शिकवलंत म्हणून गप्प बसतो. कुणा मेलेल्या मशीनगनवाल्याची पत्रं नाव खोडून आणली असतील. सहा सप्टेंबरला न्यायाधीशांपुढे ज्यांना पत्रं आली त्यांनी शपथेवर सांगायचं. आणि सांगून ठेवतो, एक गोष्ट खोटी निघाली की अख्खी चवड मी चुलीत घालायला लावीन.”

खोडलेलं नाही काहीच. पण एक गोष्ट खोटी आहे आणि ती माझी आहे.

२९ ऑगस्ट

उत्तरेचा वारा तीन दिवस सुटलाय, सगळ्यांची डोकी फिरली आहेत. ओब्दुलियाला म्हटलं, एवढं फक्त पुढच्या मंगळवारी न्यायाधीशांपुढे उभी राहून सांग, की पत्रं मला आली.

“नाही,” ती म्हणाली.

“त्याच्यापुढे बसून तासभर मिरवलीस ती?”

“ती गंमत होती. शपथ ही शपथ. काकूपेच्या देवीला मी वरती जाऊन काय तोंड दाखवू? ऐंशीची झाले, मला आता उधारी चालत नाही. ज्याने घाण केली त्याने निस्तरावी.”

“मी खरं सांगितलं तर पुरावा बाद होईल. त्याचे डोळे जातील.”

“मग तू खोटं बोल,” ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली. झोप तिला कशीही येते.

५ सप्टेंबर, सोमवार

उद्या जायचंय. मी खोटी शपथ घेऊन ‘मी ओब्दुलिया’ म्हणू शकत नाही, न्यायाधीश मिर्ता माझ्याच वर्गात शिकली. खरं सांगितलं तर फ्रेतेस चुलीची वाट दाखवणार.

आणि स्वतःशी खोटं कशाला बोलू? भीती फक्त पुराव्याची नाही. तो साठ वर्षं एका देखण्या मुलीचा फोटो मनात घेऊन आहे. उद्या त्याला कळणार, की आपल्याला लिहीत होती ती दातपडकी कार्टी. मला त्याची ती निराशा बघवणार नाही. एवढ्याशा ओळखीवर एवढं का वाटावं? पण वाटतंय.

६ सप्टेंबर, मंगळवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

न्यायाधीशांच्या खोलीत मिर्ता, तिचा कारकून, फ्रेतेस, डॉन सिल्वानो आणि आम्ही दोघी. टेबलावर नेहमीसारखा तेरेरेचा सरंजाम, बर्फाच्या पाण्याची सुरई, येर्बाची पानं भरलेलं शिंग, त्यात नळी. कारकून सर्वांत लहान, म्हणून तोच भरून एकेकाला देत होता. आमच्याकडे तशीच रीत आहे, लहानाने भरायचं आणि मोठ्यांनी आयतं प्यायचं.

फ्रेतेसनी यादी वाचली. त्यांचा आवाज अजून कवायतीवरचा आहे. “मशीनगन तुकडी, एक्केचाळीस नावं. ओखेदा नाही.” मग मिर्ताने विचारलं, “ही पत्रं कुणाला आली?”

मी उभी राहिले. “मला.”

“पाकिटावर ओब्दुलिया रोखास आहे, बाई.”

“ते नाव मी चोरलं. फोटोही चोरला. मी बारा वर्षांची होते, आमच्या घरचं कुणीच युद्धावर नव्हतं आणि मला कुणाची तरी काळजी करायची होती.” हे पाठ केलेलं नव्हतं. पाठ केलेलं सगळं ऐन वेळी पळालं. “पत्रं खरी आहेत. खोटी आहे ती मी. शिक्षा मला करा, यांना नको.”

फ्रेतेसनी काठी आपटली. “ऐकलंत? पायाच खोटा.”

मी खालीच बघत होते. तेवढ्यात डॉन सिल्वानोचा आवाज आला, अगदी शांत. “ते मला माहीत आहे.”

“काय माहीत आहे?” मिर्ताने विचारलं.

“की ती पोर होती. दुसऱ्याच पत्रात लिहिलं होतं, ‘आज भागाकारात शून्य मिळालं, तुमच्या युद्धात भागाकार लागतो का?’ कुठली वीस वर्षांची सेन्योरिता असं लिहिते? फोटो आला तेव्हा सगळी तुकडी म्हणाली, ही त्या कोंबडीवालीची बहीण असणार. बाकीच्यांच्या मद्रीना अत्तर लावून पत्रं पाठवायच्या. त्यांची पत्रं ते एकेकटे वाचायचे. माझं पत्र आलं की सगळे गोळा व्हायचे.” मग म्हणाला, “त्या दिवशी दारातून लांडीचं नाव ऐकलं तेव्हाच आवाज ओळखला. कधी ऐकला नव्हता तरी.”

मी खाली बसले. ओब्दुलियाने पाठीवर हात ठेवला.

“आता माझंही लिहून घ्या,” तो म्हणाला. काठीवर भार देऊन उभा राहिला. “लेफ्टनंटसाहेब बरोबर सांगताहेत. मी मशीनगनवर कधीच नव्हतो. मी पाण्याच्या ट्रकवर होतो. पिंपं भरायची, ट्रक ढकलायचा, पुढच्या ठाण्यावर पाणी वाटायचं. दोन वर्षं. एक गोळी झाडली नाही मी. पण एवढी लहान पोर माझ्यासाठी मेणबत्ती लावते म्हटल्यावर तिला काय लिहू, पाणक्या आहे म्हणून? मशीनगन लिहिली. घरीही तेच सांगितलं. मग युद्ध संपल्यावर तिला लिहायला किंवा कागद मागायला कुठल्या तोंडाने जाणार होतो? लढलेल्यांचा कागद तो. मी पाणी वाहिलं.”

पत्रांतली सगळी पिंपं माझ्या डोळ्यांपुढे रांगेने उभी राहिली. चौदा पत्रं मी शंभरदा वाचली आणि मला मशीनगनच दिसत राहिली. बाई म्हणून मिरवते आणि मला साधं वाचता येत नाही.

मिर्ता फ्रेतेसकडे बघत होती. ते खुर्चीवरून उठले. उठायला त्यांना वेळ लागतो. कारकुनाने हात पुढे केला तो त्यांनी बाजूला सारला, टेबलापर्यंत लंगडत गेले आणि त्याच्या हातातून सुरई घेतली. शिंगात पाणी ओतलं. थोडं टेबलावर सांडलं. मग दोन्ही हातांनी ते डॉन सिल्वानोच्या हातात नीट धरवलं आणि तो पिईपर्यंत त्याच्यापुढे उभे राहिले. शहाऐंशी वर्षांचा लेफ्टनंट, एका शिपायाला भरून देत होता. कारकूनसुद्धा उठून उभा राहिला.

“आम्ही एका ठाण्यावर पाच दिवस कोरडे होतो,” फ्रेतेस म्हणाले. आवाज कवायतीचा नव्हता. “माझी एकवीस पोरं होती. शेवटी मातीत तोंड घालून पडलेली. सहाव्या दिवशी रेतीतून ट्रक आल्याचा आवाज आला. माझ्या कर्नलचं नाव विसरलो मी, बायकोचा आवाज विसरलो. तो ट्रक अजून ऐकू येतो.” मग मिर्ताकडे वळून म्हणाले, “पाण्याच्या तुकडीची यादी मी मागवलीच नाही. सुचलंच नाही. लिहा, सिल्वानो ओखेदा. हरकत मी मागे घेतो.”

यादी राजधानीतून येईपर्यंत मिर्ता पत्रांवरच काम चालवणार आहे. कारकुनाने फॉर्म भरायला घेतला. साक्षीदाराचं अर्जदाराशी नातं काय, त्याने विचारलं. मी म्हणाले, काहीच नाही.

“मद्रीना लिही,” डॉन सिल्वानो म्हणाला.

“त्या बारा वर्षांच्या होत्या, डॉन.”

“मी अठराचा होतो. मला विचारलं होतं का कुणी वय?”

कारकुनाने लिहिलं. मी रडले, सगळ्यांदेखत, अगदी नाक गळेपर्यंत. ओब्दुलियाने रुमाल दिला. बाहेर आल्यावर म्हणाली, “तरीपण फोटो माझाच बघत होते सगळे.”

२१ सप्टेंबर

यादी आली. पाण्याची तुकडी, सत्ताविसावं नाव ओखेदा. फ्रेतेस स्वतः गाडी करून त्याच्या घरी कागद द्यायला गेले, सोबत मलाही नेलं. ‘हुद्दा: पाणीवाहक’ असं छापलंय. त्याने मला दोनदा वाचायला लावलं आणि मग पडद्यामागे जाऊन बराच वेळ बाहेर आला नाही. फ्रेतेस अंगणात शेवग्याखाली उभे राहून उगाच घसा खाकरत होते.

२८ सप्टेंबर

काल पहिला डोळा झाला. फ्रेतेसच्या नातवाने इस्पितळातून फोन केला, सगळं ठीक आहे. दोन्ही डोळे बांधून ठेवलेत, आठवडाभर हलायचं नाही. खोलीतल्या बाकीच्यांना भेटायला लेकीसुना येतात. याच्याकडे कुणी नाही. त्याने निरोप दिलाय, मद्रीनाला म्हणावं, पत्र लिही. नर्स वाचून दाखवेल.

२९ सप्टेंबर, गुरुवार

आज चाकोतल्या विजयाचा दिवस, गावात मिरवणूक. फ्रेतेसनी भाषणात पहिल्यांदाच पाण्याच्या तुकडीचं नाव घेतलं. मी अर्ध्यातूनच घरी आले, कारण पत्र मनात पुरं झालं होतं.

साठ वर्षांत पत्राची सवय गेलेली, चार कागद फाडले. काय लिहायचं? लिहिलं, की कोंबडी अंडी देते आहे, तिचं नाव अजून ठेवलेलं नाही, तुम्ही आल्यावर ठेवू. ओब्दुलिया बरी आहे, तुमच्या खोलीतल्या लोकांना दाखवायला नवा फोटो काढून घ्यायचा म्हणते. डोळे उघडतील तेव्हा कुणी तरुण समोर असेल अशी आशा धरू नका, मी त्र्याहत्तरची आहे आणि आता बरेच दात नाहीत. खाली लिहिलं, ‘तुमची मद्रीना, एदुविखेस रोखास.’ त्याला लिहिलेल्या पत्राखाली माझं नाव मी आज पहिल्यांदा लिहिलं.

पाकीट बंद करून पोस्टात टाकून आले. डोळे बांधलेला माणूस उत्तर लिहू शकत नाही आणि पत्र राजधानीला पोचायलाच चार दिवस लागतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी संध्याकाळी पोस्टमन फाटकावरून जाताना दिसला, तेव्हा मी बाहेर जाऊन त्याला विचारलं, माझं काही आलंय का.